मीटरभर झुरळ, वीतभर बजेट: महाकाय कीटकाचा विनोदी भयलघुपट कसा करावा

१९५७ साली आलेल्या ‘बिगिनिंग ऑफ द एन्ड’ या अमेरिकी चित्रपटात महाकाय नाकतोडे शिकागो शहरावर चाल करून येतात. दिग्दर्शक बर्ट आय. गॉर्डन यांच्या खिशाला शहराची प्रतिकृती परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी इमारतींच्या मोठ्या छायाचित्रांवर खरेखुरे नाकतोडे सोडले आणि त्यांचेच चित्रण केले. त्यात एके ठिकाणी इमारतीवर चढणारा नाकतोडा तिच्या कडेबाहेर पाय टाकतो आणि निवांतपणे आकाशावर चालू लागतो. या जागी प्रेक्षक आजही हसतात. पण गॉर्डन यांनी तो शॉट हसवण्यासाठी घेतला नव्हता, आणि हीच गोष्ट या प्रकारात उतरणाऱ्या नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. ‘आपले बजेट नाही, मग मुद्दामच वाईट करू, लोक हसतील’ असे म्हणून केलेला चित्रपट दुसऱ्या मिनिटाला कंटाळवाणा होतो. किडा होता होईल तेवढा खरा करायचा, त्याला पडद्यावर मोजून आणायचे आणि हसू माणसांकडून काढायचे, या एका धोरणावर पुढच्या सगळ्या सूचना उभ्या आहेत.

दहा मिनिटांचा लघुपट, चार-पाच मित्र, बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा मोबाइल आणि दोन शनिवार-रविवार एवढ्या भांडवलाचा हिशोब मी येथे धरला आहे. लघुपटाला कमी लेखण्याचे कारण नाही. ‘एट लेग्ड फ्रीक्स’ (२००२) हा महाकाय कोळ्यांचा हॉलिवूडपट एलरी एलकायम यांनी दिग्दर्शित केला, आणि त्याची सुरुवात त्यांनी आधी न्यूझीलंडमध्ये केलेल्या ‘लार्जर दॅन लाइफ’ या कृष्णधवल लघुपटातून झाली होती.

पहिली पायरी: एकच किडा आणि एकच माप

मुंग्या, नाकतोडे, गांधीलमाश्या आणि डास या सगळ्यांवर चित्रपट होऊन गेले आहेत. आपण झुरळ घ्यावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. झुरळाची ओळख करून द्यावी लागत नाही, किळस प्रेक्षक घरूनच घेऊन येतो आणि चित्रीकरणाची जागा म्हणून स्वयंपाकघर फुकट मिळते. (कोळी अनेकांना सुचेल, पण तो कीटकांत मोडत नाही, आणि सहाऐवजी आठ पाय करावे लागणे हे आपल्या बजेटमध्ये थोडेथोडके काम नाही.)

त्यानंतर माप ठरवावे. आपल्या गटारांतून येणारे मोठे तांबूस झुरळ साधारण ४ सेंटिमीटर लांब असते. ते २५ पट मोठे केले की १ मीटरचे होते आणि एवढा किडा पलंगाखाली, लिफ्टमध्ये आणि जिन्याच्या वळणावर मावतो. इमारतीएवढा किडा केला की इमारत पाडावी लागते, ती पाडायला संगणकावर महिने घालवावे लागतात आणि शेवटी प्रेक्षकाला त्याच्याशी काही देणेघेणे उरत नाही. आपल्या घरात मावेल एवढ्याच मापाच्या किड्याची भीती अंगावर येते.

माप ठरले की त्याचे गणित एकदा मांडून पाहावे, कारण विनोदाचा कच्चा माल त्यातच दडलेला असतो. लांबी २५ पट झाली की पायाच्या छेदाचे क्षेत्रफळ ६२५ पट वाढते, पण वजन १५,६२५ पट होते; म्हणजे एक ग्रॅमचे झुरळ साडेपंधरा किलोंचे, जवळजवळ रिकाम्या गॅस सिलिंडरइतके जड होते आणि त्याच्या पायांवरचा ताण २५ पट वाढतो. प्राण्यांच्या आकाराचे हे शास्त्र १९२६ साली एका गाजलेल्या निबंधात सोपे करून सांगणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारतातच स्थायिक झाले. शिवाय कीटकांना फुप्फुसे नसतात. शरीराच्या बाजूंवरील छिद्रांतून आणि बारीक नळ्यांतून त्यांना हवा मिळते, आणि ही व्यवस्था मोठ्या देहाला पुरत नाही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायूचे प्रमाण जास्त असताना पंखांचा विस्तार ६५ सेंटिमीटरच्या आसपास असलेले चतुरासारखे कीटक होऊन गेले, पण मीटरभर झुरळ तेव्हाही नव्हते. दुसरे गणित वेगाचे आहे. खरे तांबूस झुरळ सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या सुमारे ५० पट अंतर पळू शकते. तेच प्रमाण ठेवले तर आपले झुरळ ताशी १८० किलोमीटर वेगाने पळेल. सोसायटीतला एखादा निवृत्त प्राध्यापक हे सगळे गणित जिन्यात उभा राहून शांतपणे समजावून सांगतो, ‘तात्पर्य, असा प्राणी अस्तित्वात असूच शकत नाही’ असा निष्कर्ष काढतो आणि त्याच्या मागे दोन मिशा हळूच वर येतात, हा प्रसंग मी तुम्हाला भेट म्हणून देतो.

झुरळ मोठे का झाले, याच्या खुलाशावर एका वाक्याहून अधिक वेळ घालवू नये. १९५४ च्या ‘देम!’ या चित्रपटात न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील अणुचाचणीमुळे मुंग्या महाकाय होतात, आणि त्या काळच्या अमेरिकेत ती भीती खरी होती. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीत कोणी तरी ओतलेले औषध पुरेल. त्यापेक्षा झुरळाच्या वागण्याचा एक नियम मात्र पक्का करावा आणि शेवटपर्यंत पाळावा. खऱ्या झुरळाला उजेड नको असतो, म्हणून आपलेही दिवे लागले की दडते. असा नियम केला की वीज जाणे ही आपोआप कथेतली सर्वांत भयंकर घटना होते.

दुसरी पायरी: आधी शॉट मोजावेत, मग कथा लिहावी

बहुतेक जण उलटे करतात. ते आधी कथा लिहितात, तिच्यात झुरळ चाळीस वेळा येते, आणि मग पैसे संपल्यावर तिसऱ्या दिवशी कथा कापत बसतात. मी दहा मिनिटांत किड्याचे १४ शॉट धरतो. त्यांपैकी चार शॉटमध्ये फक्त सावली किंवा हललेली वस्तू असते; चार शॉटमध्ये मिशी, पाय किंवा डोळा एवढाच भाग दिसतो; तीन शॉटमध्ये मोठा पुतळा, दोन शॉटमध्ये पुढे सांगितलेली अंतराची युक्ती आणि उरलेल्या एका शॉटमध्ये पंख. तो पंखांचा शॉट शेवटच्या दीड मिनिटासाठी राखून ठेवावा. झुरळाला चप्पल घेऊन भिडणारा शूर माणूससुद्धा ते उडाले की पळतो, हे मराठी घरात कोणाला सांगावे लागत नाही. तेव्हा सगळी सोसायटी काठ्या-झाडू घेऊन एकवटली आहे, प्रत्येक चेहऱ्यावर पानिपताचा आवेश आहे, आणि नेमके त्याच क्षणी पंख उघडतात.

‘देम!’मध्ये पहिली मुंगी दिसण्याआधी बराच वेळ तिचा फक्त आवाज ऐकू येतो, आणि ती प्रथम दिसते तीही उडणाऱ्या धुळीतून. त्या चित्रपटाला स्पेशल इफेक्ट्ससाठी ऑस्करचे नामांकन मिळाले होते. तरीही दाखवण्यात त्यांनी काटकसर केली, तर आपण उधळपट्टी का करावी?

तिसरी पायरी: विनोद माणसांचा

संहिता लिहिताना एक कसोटी लावावी: झुरळाच्या जागी वाघ ठेवला तरी संवाद तसेच चालत असतील, तर ते संवाद बाद करावेत. झुरळाला जोडून जे जे काही आपल्या घरांत घडते, म्हणजे बोरिक ॲसिडच्या गोळ्या, दारासमोर खडूने ओढलेली रेघ, ‘आमच्याकडे नसतात, वरच्यांकडून येतात’ हे ठरलेले वाक्य, ते सगळे २५ पट मोठ्या संकटापुढे अगदी जसेच्या तसे ठेवले की हसू येते. उदाहरणादाखल आमच्या एका संहितेतील तुकडा देतो. भाडेकरू मुलगा रात्री एक वाजता सेक्रेटरींचे दार वाजवतो.

“काका, पॅसेजमध्ये झुरळ आलंय.”

“ते दर पावसाळ्यात येतं. उद्या सांगू पेस्ट कंट्रोलवाल्याला.”

“काका, त्यानं आमचा शू-रॅक उचलून नेला.”

“शू-रॅक पॅसेजमध्ये ठेवायला मनाई आहे. मी तीनदा नोटीस लावली आहे.”

या तुकड्यात कोणीही विनोद करत नाही. सेक्रेटरी आपल्या नियमावलीला धरून आहेत आणि मुलगा खरोखर घाबरलेला आहे. नटांना तालमीत हेच पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण ‘विनोदी’ म्हटल्याबरोबर डोळे वटारण्याची आणि कॅमेऱ्याकडे पाहून सुस्कारा सोडण्याची ऊर्मी फार जणांना असते. मराठीत याचा उत्तम दाखला ‘झपाटलेला’ (१९९३) हाच आहे. तात्या विंचू ही रामदास पाध्ये यांची बाहुली आहे, हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असते. तरी लक्ष्मीकांत बेर्डे तिच्यापुढे जी भीती दाखवतात तिच्यात कणभरही थट्टा नाही, म्हणूनच आपण एकाच वेळी घाबरतोही आणि हसतोही.

नायकासाठी पेस्ट कंट्रोलवाला हा हुकमी पर्याय आहे. ‘बिग ॲस स्पायडर!’ (२०१३) या चित्रपटातही लॉस एंजेलिसला वाचवायला लष्कराआधी कीटकनाशक फवारणाराच पुढे सरसावतो. अशा माणसाला किड्याविषयी वाटणारा व्यावसायिक आदर लिहावा, शौर्य लिहू नये. मृतांची संख्या शून्य ठेवली तरी चालते. माझ्या मते दहा मिनिटांत एक स्कूटर, एक शू-रॅक आणि सेक्रेटरींची प्रतिष्ठा एवढी हानी पुरेशी होते.

चौथी पायरी: झुरळ घडवणे

हातात कात्री घेण्यापूर्वी एखादे मेलेले झुरळ पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगाखाली अर्धा तास पाहावे. हौशी पुतळ्यांत हमखास होणारी चूक अशी, की सहा पाय पोटाला, म्हणजे मागच्या लांबट भागाला, सारख्या अंतरावर चिकटवलेले असतात. खऱ्या कीटकाचे सहाही पाय मधल्या भागाला, छातीला जोडलेले असतात आणि पोटाला एकही नसतो. ही एकच गोष्ट बरोबर केली तर प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण पुतळा ‘जिवंत’ वाटू लागतो. वरून पाहताना झुरळाचे डोके जवळजवळ दिसतच नाही. छातीवरच्या ढालीखाली ते खाली वळलेले असते. पायांवर जाड काटे असतात, आणि मिशा अंगाएवढ्या किंवा त्याहून लांब असतात.

सांगाडा अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा किंवा बांबूच्या कामट्यांचा करावा. त्यावर जुन्या गादीचा फोम चढवून अंगाचा उतार साधावा आणि वरचे कवच ईव्हीए फोमच्या शीटचे करावे. जुनी योगा मॅटही चालते. ही शीट हीट गनने गरम केली की वाकते आणि थंड झाल्यावर तोच बाक धरून ठेवते. पोटावरची वलये एकमेकांवर कौलांसारखी अर्धी चढवत न्यावीत. थर्माकोल वापरू नये. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, तो पटकन पेट घेतो, आणि त्याचे आणखी एक वैशिष्ट्य मी पैसे मोजून शिकलो आहे: आमच्या पहिल्या झुरळाचे डोके आम्ही घरात पडून असलेल्या थर्माकोलचे केले, त्यावर हौसेने स्प्रेचा तपकिरी रंग मारला आणि चहा पिऊन परत येईपर्यंत त्या डोक्याचे खळगे पडलेले, फेसाळलेले भजे झाले होते. रबर सोल्युशनच्या जातीचा गोंदही थर्माकोल असाच खातो.

डोक्यासाठी कागदाचा लगदा उत्तम, आणि गणपतीच्या दिवसांत हात बसलेला एखादा मित्र असेल तर हे काम त्याच्याकडेच सोपवावे. डोळ्यासाठी प्लॅस्टिकचा चेंडू अर्धा कापून त्यावर बबल रॅप ताणून चिकटवावा आणि काळ्या रंगावर नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत. शेकडो भिंगांच्या डोळ्याचा भास होतो. मिशांसाठी सायकलच्या ब्रेकची आतली तार घ्यावी. ती आपल्या वजनाने किंचित झुकते आणि मुळाशी बोट लावले तरी टोकापर्यंत थरथरते. एवढी थरथर हजार रुपयांच्या मोटरनेही मिळत नाही. पायांवरच्या काट्यांना खराट्याच्या काड्या तिरक्या कापून खोचाव्यात. पंख जुन्या एक्स-रे फिल्मचे करावेत: दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपर घासून त्या धुरकट कराव्यात, काचेवर वापरतात तो मधाच्या रंगाचा रंग पातळ करून लावावा आणि शिरा काळ्या मार्करने काढाव्यात. शेवटी सर्वांगावर व्हार्निशचा हात द्यावा, कारण झुरळाची अर्धी किळस त्याच्या त्या तेलकट चकाकीत आहे.

चाल हा पुढचा प्रश्न. कीटक चालताना तीन पाय उचलतात आणि तीन टेकवतात: एका बाजूचा पुढचा व मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला असे तिघे एकत्र हलतात, मग उरलेले तीन. पुण्यातल्या गणेश मंडळांसाठी हलते देखावे करणारे कारागीर वायपरच्या जुन्या मोटरवर हात-मान हलवतात. तीच मोटर भंगारवाल्याकडून आणून तिच्या दोन विरुद्ध टोकांना पायांचे हे दोन गट बांधले की चाल बरोबर येते. मोटर जमली नाही तर जमिनीवर पालथे पडलेले दोन मित्र काळ्या दोऱ्यांनी तेच करू शकतात. पुतळा पुढे सरकवण्यासाठी गॅस सिलिंडरची ट्रॉली वापरावी. ती बुटकी असते, कोणत्याही दिशेला वळते आणि प्रत्येकाच्या घरी असते. १९७५ च्या ‘द जायंट स्पायडर इन्व्हेजन’मध्ये तर फोक्सवॅगन बीटल मोटारीवरच कोळ्याचे अंग चढवले होते, तेव्हा आपल्या ट्रॉलीला लाजायचे कारण नाही.

अंडी आणि चिकटाचे काम स्वयंपाकघरात होते. भिजवलेला सब्जा जवळून पाहिला की कोणत्या तरी प्राण्याची अंडीच वाटतो. जवस उकळून गाळलेले पाणी तार धरते, आणि त्यात खाण्याच्या हिरव्या रंगाचे दोन थेंब टाकले की नटाच्या खांद्यावर ओघळवायला सुरक्षित असा द्रव तयार होतो. हे दोन्ही सकाळी करून दुपारपर्यंत वापरावे, उन्हात लवकर आंबते.

पाचवी पायरी: चित्रीकरण

पुतळा कितीही चांगला झाला तरी तो पूर्ण अंगानिशी चालताना फार वेळ पाहवत नाही. म्हणून दोन शॉट अंतराच्या युक्तीने घ्यावेत. आपल्या दोन डोळ्यांना अंतर आपसूक कळते, तसे कॅमेऱ्याला कळत नाही. जवळची लहान वस्तू आणि दूरची मोठी वस्तू एकाच चौकटीत स्पष्ट दिसल्या की त्या शेजारी शेजारी वाटतात. गणित सरळ आहे. आपल्याला २५ पट हवे आहे, तर खरे, मेलेले, वाळलेले झुरळ कॅमेऱ्यापासून २५ सेंटिमीटरवर आणि नट २५ पट दूर, म्हणजे ६ मीटर २५ सेंटिमीटरवर उभा करावा. ४ सेंटिमीटरचे झुरळ नटाशेजारच्या मीटरभर झुरळाएवढे दिसते.

घराच्या आत एवढे सरळ अंतर क्वचित मिळते, म्हणून गच्ची गाठावी. आम्ही केलेली मांडणी सांगतो. एका स्टुलावर सिमेंटच्या रंगाने रंगवलेली फळी ठेवली आणि तिच्यावर गच्चीवरचीच बारीक धूळ भुरभुरली. मोबाइल फळीच्या पातळीपेक्षा किंचित वर, ट्रायपॉडवर घट्ट बसवला आणि फळीची पलीकडची कड गच्चीच्या जमिनीवरील एका जुन्या भेगेशी जुळेपर्यंत स्टूल वरखाली केले. त्यामुळे फळी कुठे संपते आणि गच्ची कुठे सुरू होते ते कळेनासे झाले. दुपारी साडेचारचे ऊन दोन्हींवर एकाच बाजूने पडत होते, त्यामुळे सावल्यांची दिशा आपोआप जुळली. पण झुरळ नटाशेजारी ‘असायला’ हवे, तर तिथल्या जमिनीवर त्याची सावलीही पडायला हवी, हे दुसऱ्या टेकनंतर ध्यानात आले. मग एका मित्राने चौकटीबाहेर उभे राहून झुरळाच्या आकाराचा मीटरभर पुठ्ठा उन्हात धरला. नटाने स्टुलावरच्या झुरळाकडे नव्हे, तर त्या सावलीच्या वरच्या रिकाम्या हवेकडे पाहायचे असते; त्यासाठी तालमीत तिथे बादली ठेवावी आणि शॉटच्या वेळी काढून घ्यावी. मेलेल्या झुरळाच्या मिशा हलवण्यासाठी चौकटीबाहेरून स्ट्रॉने हळूच फुंकर घालावी. १९५५ च्या ‘टॅरँट्युला’ चित्रपटात खऱ्या कोळ्याला हवेचे झोत मारूनच हवे तिकडे वळवले होते, म्हणजे आपली फुंकर अगदीच बेवारस नाही.

या शॉटमध्ये जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट दिसणे अत्यावश्यक असते. मोठ्या कॅमेऱ्यावर त्यासाठी भिंगाचे छिद्र बारीक करून प्रकाश वाढवावा लागतो, पण मोबाइलचे अल्ट्रावाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारे, भिंग येथे वरदान ठरते, कारण त्याच्या लहान सेन्सरमुळे जवळचे आणि दूरचे जवळजवळ सगळेच स्पष्ट येते. फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही कुलूपबंद करावेत, नाही तर फोन मध्येच झुरळाला ओळखून जवळचे दृश्य टिपायला धावतो. कॅमेरा वळवायचा मोह मात्र पूर्ण टाळावा. कॅमेरा कणभर हलला तरी जवळचे झुरळ दूरच्या नटापेक्षा भरभर सरकते आणि सोंग उघडे पडते.

हलणाऱ्या छोट्या वस्तूला वजन देण्याचा जुना नियम असा, की माप जितके पट तितक्याच्या वर्गमुळाएवढ्या पटीने वेग कमी करावा. आपले माप २५ पट, वर्गमूळ ५. म्हणून सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रपटासाठी सेकंदाला १२० फ्रेमने चित्रण करून ते पाच पट संथ करावे; लहान मॉडेलवर सांडलेले पाणी, उडालेली धूळ, पडलेली काडेपेटी सगळे अवजड वाटू लागते. असे शॉट उन्हातच घ्यावेत. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली १२० फ्रेमला चित्र लुकलुकते. साध्या वेगात घरात चित्रण करताना शटर एक-पन्नासांश सेकंदावर ठेवले की हा त्रास होत नाही.

मोठ्या पुतळ्याचे शॉट रात्रीचे, मागून एकाच दिव्यावर, तीन सेकंदांहून लहान ठेवावेत. पुतळा येण्याआधी इतर वस्तूंनी त्याचे वजन सांगावे: साखळीवरचा झोपाळा किंचित हलतो, स्टँडवरची स्कूटर पडते, दाराच्या फटीतून मुलतानी मातीची चिमूटभर धूळ उडते. हिरव्या कापडापुढे चित्रण करून संगणकावर जोडकाम करणे शक्य असले तरी चकचकीत व्हार्निशमध्ये हिरवी झाक उतरते, त्यामुळे मी तो मार्ग एखाद्या शॉटपुरताच ठेवतो.

सहावी पायरी: आवाज

चित्र फसले तर आवाज सावरतो. ‘देम!’मधील मुंग्यांचा तो अंगावर काटा आणणारा चित्कार झाडांवरच्या बेडकांच्या ध्वनिमुद्रणातून केलेला होता, मुंग्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. आपल्या झुरळाच्या पायांसाठी गुलमोहराच्या वाळक्या शेंगा फरशीवर टेकवत न्याव्यात, कवच फुटताना भाजलेला पापड मायक्रोफोनजवळ मोडावा आणि पंखांसाठी उरलेली एक्स-रे फिल्म जोरात फडफडवावी. कुठलेही मुद्रण निम्म्या वेगाने वाजवले की ते एक सप्तक खाली उतरते. प्रेशर कुकरची वाफ अशी उतरवली तर कोणी तरी मोठ्या छातीने श्वास सोडतो आहे असे वाटते. (कीटकांना छातीने श्वास घेता येत नाही, हे आपण वर पाहिलेच. येथे प्राध्यापकांची क्षमा मागावी.)

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक आवाज म्हणजे आवाज थांबणे. रात्रीच्या प्रत्येक दृश्यामागे रातकिड्यांची किरकिर चालू ठेवावी, प्रेक्षकाला तिची इतकी सवय व्हावी की ती ऐकूच येईनाशी व्हावी, आणि झुरळ येण्याआधी दोन सेकंद ती एकदम बंद करावी. विनोदाच्या जागी मात्र पार्श्वसंगीताने हसून दाखवू नये. सेक्रेटरी नोटीस वाचत असताना मागे फक्त पंख्याचा आवाज असावा.

परवानगीच्या आणि सुरक्षिततेच्या गोष्टी

सोसायटीची लेखी संमती आणि रात्रीच्या चित्रणाची चौकीदाराला पूर्वकल्पना या दोन्ही गोष्टी आधी कराव्यात. जिन्यात मीटरभर झुरळ अनपेक्षितपणे दिसल्यास वयस्कर माणसाला खरोखर त्रास होऊ शकतो. रस्त्यावर चित्रण असेल तर पोलीस ठाण्यात विचारावे. जिवंत किड्यांना मारणे किंवा जखमी करणे टाळावे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्या मनुष्याखेरीज कोणताही सजीव अशी व्यापक आहे, आणि चित्रपटगृहात प्रदर्शन करायचे ठरल्यास प्राण्यांच्या वापराची चौकशी होते. कीटकनाशक फवारण्याच्या यंत्रात फक्त पाणी असावे आणि तेही नव्या यंत्रात. वायपरची मोटर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवावी, घरातल्या विजेला जोडू नये. फोम आणि व्हार्निशजवळ आग, उदबत्तीसुद्धा, आणू नये.

संकलन झाले की चित्रपट तो करणाऱ्यांना नव्हे, तर झुरळ कसे केले ते ठाऊक नसलेल्या पाच-सहा जणांना दाखवावा आणि पडद्याकडे न पाहता त्यांच्या पायांकडे पाहावे. भीतीच्या जागी पाय खुर्चीवर ओढले जातात. तसे झाले नाही तर त्या शॉटमधून अर्धा सेकंद कापून पुन्हा दाखवावे. ते झुरळाला हसत असतील तर शॉट कमी करावेत आणि सेक्रेटरींना हसत असतील तर काहीही हलवू नये.

पुतळा जपून ठेवण्याविषयी एक शेवटची सूचना, कारण ती आधीच, लगदा कालवतानाच अमलात आणावी लागते. लगद्यासाठी मैद्याची खळ करताना जुने पुस्तक-बांधणीवाले टाकत तसे त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकावे, ते विषारी असल्याने हातमोजे घालावेत आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. आम्ही मोरचूद टाकले नव्हते. लगद्याचे दुसरे डोके माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. तीन महिन्यांनी पुढच्या भागाच्या चित्रणासाठी ते खाली काढले, तेव्हा डावा गाल कुरतडलेला होता आणि आत चार-चार सेंटिमीटरची, अगदी खरी, सुदृढ झुरळे राहत होती.